कुठल्या देवाला निघालात?

(वरवंड, ता. दौंड येथे बचत गटांतल्या बायकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या गटांनी मिळून एक ठराव केला आणि त्यावर बोलायला मला बोलावले. ठराव अगदी साधा आहे. वीस-बावीस जणींनी मिळून तीन दिवस कोकणात समुद्रावर जायचे आणि तिथे आपल्या हाताने फोटो काढायचे. आजवर मी दारूबंदीवर, हुंड्यावर, घर दोघांच्या नावावर करण्यावर बोलायला गावोगाव गेले आहे. सहलीवर बोलायला बोलावणे पहिल्यांदाच आले. आमच्या पुण्याच्या कार्यालयात एकीने विचारलेही, "यात स्त्रियांचा प्रश्न कुठे आहे?" मी म्हटले, जाऊन बघते.

इथे आल्यावर दहा मिनिटांत तो सापडला. ठरावाची गोष्ट घरी काढल्यावर पहिला प्रश्न काय आला, असे मी मघाशी तुम्हांलाच विचारले. निम्म्याहून जास्त जणींनी एकच वाक्य सांगितले, "कुठल्या देवाला निघालात?"

हा प्रश्न कोणी वाईट हेतूने विचारत नाही. बाई घराबाहेर तीन दिवस जाते म्हणजे देवाला जाते, नाहीतर लग्नाला, नाहीतर बाळंतपणाला, नाहीतर मयताला, हे सगळ्यांनी गृहीत धरले आहे. वरवंड तर तुकोबांच्या पालखीचा मुक्काम. यवतहून पालखी येते, इथे रात्र काढते आणि उंडवडीकडे जाते. तुमच्यातल्या कितीतरी जणी तिच्याबरोबर पंढरपूरपर्यंत चालल्या असतील. त्या चालण्याला मी कमी लेखत नाही. कित्येक बायकांनी आयुष्यात मोकळा श्वास घेतला तो वारीच्या वाटेवर. तिथेच त्या पोट धरून हसल्या, एकमेकींना घरातले दुःख सांगितले, उघड्या आभाळाखाली झोपल्या. पण ती परवानगी विठोबाच्या नावाची असते, बाईच्या नावाची नसते. विठोबा मध्ये नसेल तर तीच बाई, तेच पाय, तेवढेच दिवस, आणि परवानगी मात्र मिळत नाही.

तुमच्यातल्या एका हुशार बाईने यावर तोडगा काढला आहे. वेळासच्या समोर, बाणकोटच्या खाडीपलीकडे हरिहरेश्वर आहे. त्याला दक्षिण काशी म्हणतात. "हरिहरेश्वराला जातो म्हणा, सासू स्वतः पिशवी भरून देईल," असे तिचे म्हणणे. हसू नका, तोडगा चालणारा आहे. जिला दुसरा मार्गच नाही तिने तो खुशाल वापरावा, तिला कोणी भित्री म्हणू नये. माझे मत मात्र वेगळे आहे. निदान दहा-बारा घरांत तरी खरे सांगून निघावे, "समुद्र बघायला आणि फोटो काढायला चालले." भांडण होईल, टोमणे बसतील. पण यंदा देवाच्या नावावर गेलात तर पुढच्या वर्षी पुन्हा देवच शोधावा लागेल. आणि महाराष्ट्रात देव पुष्कळ असले तरी ते सगळेच काही समुद्रकाठी नाहीत.

आता फोटोंकडे वळू. आपला फोटो आजवर कोणी आणि कशासाठी काढला, याची जरा उजळणी करा. पहिला निघाला तो स्थळासाठी. नीट उभी राहा, पदर सारखा कर, हसू नको. दुसरा लग्नात, त्यात मान खाली. मग १९९३ नंतर मतदार ओळखपत्राचा, नंतर आधारचा, ज्यात आपल्यालाच आपण ओळखू येत नाही. मग गटाचे फोटो. हल्ली बचत गटाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो लागतो. साहेब मध्ये, धनादेश त्यांच्या हातात, आपण दोन्ही बाजूंना ओळीने. म्हणजे फोटोंची आपल्याला कमतरता नाही. मात्र हे सारे फोटो कोणाला तरी काहीतरी दाखवण्यासाठी काढलेले आहेत, मुलगी गोरी आहे, मतदार खरी आहे, योजना पोचली आहे. आपल्याला काय बघावेसे वाटले, त्याचा फोटो यात एकही नाही.

पालखीच्या दिवशी इथे किती कॅमेरे येतात, ते मला सांगायला नको. डोक्यावर तुळस घेतलेली म्हातारी दिसली की चार जण तिच्यापुढे उलटे चालू लागतात. ती कॅलेंडरवर जाते, मासिकाच्या मुखपृष्ठावर जाते. तिचे नाव कुठे छापलेले मी तरी क्वचितच पाहिले. आणि पहाटे टँकरखाली, आडोसा नसताना बायका अंघोळ उरकतात, तिथेही कॅमेरे फिरतात. मघाशी एक मावशी म्हणाल्या, "आम्ही लुगड्याचा आडोसा धरतो नि त्यांना हाकलतो." म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे राहणे काय असते, हे तुम्हांला शिकवावे लागणार नाही. त्याच्या मागे उभे राहणे शिकायचे आहे.

तुमच्या जवळच्याच केडगावात याचा एक जुना आणि अवघड दाखला आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, आणि केडगावात मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात तिथली संख्या आणखी वाढली. त्या मुलींचे फोटो काढले गेले, हाडांचा सापळा झालेल्या अवस्थेतले आणि नंतर अंगावर मांस भरल्यावरचे. मिशनच्या अहवालांतून, पुस्तकांतून ते परदेशी गेले आणि तिथून देणग्या आल्या. त्या पैशाने धान्य आले, मुली जगल्या, लिहायला-वाचायला आणि छापखान्यात काम करायला शिकल्या. मग हे फोटो काढायला नको होते का? मी तसे म्हणणार नाही. मूल मरत असताना परवानगीचा कागद कोण भरत बसेल? पण मोठी झाल्यावर त्यातल्या एखादीने आपला तो उघडा सापळा छापलेला पाहिला असेल तर तिला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. चांगल्या कामासाठी काढलेला फोटोसुद्धा बाईकडून काहीतरी घेतोच. आपण चळवळीतल्या बायका अत्याचाराच्या घटनेनंतर गावात जातो, माहिती घेतो, फोटो घेतो. आपल्यालाही हा प्रश्न सुटलेला नाही.

आणि कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहिलेल्या बायका? होमाई व्यारावाला हे नाव लक्षात ठेवा. १९१३ साली नवसारीला जन्म, मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण, आणि देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार अशी ओळख. स्वातंत्र्याच्या काळातले नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा हे सगळे आपण जे पाहतो, त्यात तिच्या कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे. पण सुरुवातीला तिचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात, कारण तिला कोणी ओळखत नव्हते आणि ती बाई होती. २०११ साली तिला पद्मविभूषण मिळाले, दुसऱ्या वर्षी ती गेली. आज तिची आठवण काढण्याचे खास कारण म्हणजे विद्यार्थिनी असताना तिला मिळालेले पहिले काम. ते काय होते? एका सहलीचे फोटो काढणे! तेव्हा "सहलीचे कसले फोटो काढता" असे कोणी म्हणाले तर हे उत्तर द्या.

आता प्रत्यक्ष बेताकडे येऊ. जायचे कुठे? फोटोसाठी समुद्र म्हटला की टीव्हीवर मालदीव दाखवतात, बाली दाखवतात. आपला सगळा कोकण किनारा कर्कवृत्ताच्या खाली, त्याच उष्ण पट्ट्यात आहे. नारळ तेच, वाळू तीच, पाणी तसेच कोमट. तुमच्या गटाने दोन ठिकाणे निवडली आहेत, मंडणगड तालुक्यातले वेळास आणि दापोली तालुक्यातले हर्णै. निवड चांगली आहे. वेळासला समुद्री कासवाच्या माद्या किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती अंडी राखायला सुरुवात केली. आता अंडी कुंपणात ठेवतात आणि पिल्ले बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडतात. पर्यटक गावातल्या घरांतच उतरतात आणि तिथला स्वयंपाक घरच्या बायका करतात. आपण जेवू ते कोणाच्या तरी हातचे असेल, हे फोटो काढताना ध्यानात असू द्या. हॉटेलवाल्याशी बोलावे तसे त्यांच्याशी बोलू नका. पिल्ले दिसतीलच अशी खात्री कोणी देत नाही, कधी कधी दोन-दोन दिवस एकही निघत नाही. आणि दिसली तर फ्लॅश नाही, टॉर्च नाही, हात लावणे नाही. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालते. आपल्या दिव्याने ते चुकले तर समुद्राऐवजी आपल्याकडेच येईल.

केव्हा जायचे, हे ठरवायला मोबाईल लागत नाही, भिंतीवरचे कालनिर्णय पुरते. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि तिथ्या तर आपल्याला पाठ आहेत, उपास आपणच धरतो. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि रात्रीही तशीच. एकादशी असेल तर सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या, म्हणजे पंधरा, तर सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जुळतो.

याचा फोटोशी संबंध काय? पौर्णिमा-अमावास्येला सकाळी सव्वाअकराला भरती म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. त्या दिवशी उधाण असते, म्हणून पाणी नेहमीपेक्षा लांब मागे जाते. मागे उरते ती ओली, आरशासारखी वाळू, आणि फेब्रुवारीत तासाभराने सूर्य पाण्यात उतरतो. अख्खे आभाळ त्या वाळूत दिसते. अष्टमीला गेलात तर संध्याकाळी सहाला भरती, तीही भांगाची, लहान. किनारा अरुंद आणि मजा अर्धी. म्हणजे उत्तम दिवस कोणता ठरला? अमावास्या. जिला घराबाहेर पडू नये, प्रवास करू नये, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले, तीच. (इथे तुम्ही टाळ्या वाजवल्या, पण घरी हे कसे सांगणार, तेही ठरवून ठेवा.)

मग पौर्णिमा का नको, असे कोणी विचारील. फाल्गुनातली पौर्णिमा म्हणजे शिमगा. कोकणात त्या दिवसांत घरोघर चाकरमानी आलेले असतात, किनाऱ्यावर दारू पिऊन आलेले जथे असतात. आपल्याला उगाच भांडणे नकोत. मार्च सरता सरता इथे कांदा काढणी अंगावर येते, मग कोणाला उसंत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, हर्णैला लिलाव नसतो आणि समुद्रही खवळलेला असतो. सगळे धरून माघातली अमावास्या सोयीची दिसते. तिच्या आदल्या दिवशी बहुधा महाशिवरात्र असते, तेव्हा हरिहरेश्वराला गर्दी होते, त्या बाजूला जाऊ नका. उपास असणाऱ्यांनी वेळासला आधी कळवा, म्हणजे त्या घरच्या बाईची ऐन वेळी धांदल होणार नाही.

पैशाचे बोलणे मला नीट करायचे आहे, कारण सहल मोडली तर ती इथेच मोडेल. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. खाजगी गाडी ठरवली तर ही सवलत नाही. स्वारगेटहून एस.टी.ने गेलात तर प्रवासाचा खर्च आवाक्यात राहतो, वेळ मात्र जास्त लागतो. पण खरा खर्च तिकिटाचा नाही, बुडालेल्या रोजाचा आहे. जिच्या घरी उसाचे बिल येते तिला तीन दिवस म्हणजे तीन दिवस. जी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, तिला ते तीन दिवसांचे धान्य आहे. तुमच्या यादीत पहिल्या बावीस नावांत भूमिहीन घरातल्या बायका किती, हे मी मोजले. तीन. गटांत त्या निम्म्या आहेत. सोय झाली नाही तर ही जमीनवाल्यांच्या सुनांची सहल होईल आणि "बायकांची सहल" असे नाव मात्र लागेल.

तुमच्या बैठकीत दोन सूचना आल्या, कर्ज द्यावे किंवा गटाच्या व्याजातून भरावे. मी दुसऱ्या बाजूची आहे. मजा करायला बाईने कर्ज काढावे आणि वर्षभर फेडताना त्या तीन दिवसांबद्दल ऐकून घ्यावे, हे नको. व्याज सगळ्यांच्या बचतीतून आलेले आहे, भूमिहीन बाईच्याही. खोल्यांचेही आत्ताच बोलून टाका. कोण कोणाबरोबर झोपणार, एका ताटात कोण जेवणार, हे तिथे गेल्यावर कुजबुजत ठरले की जात बरोबर आपले काम करते. चिठ्ठ्या टाका.

घरच्या धारा कोण काढणार, पोरांचे डबे कोण करणार, यावर मी वेळ घालवत नाही. सांगून ठेवा आणि जा. कोणी उपाशी मरत नाही.

"पाळी आली तर?" हे एकीने हळूच विचारले. देवळाच्या सहलीत हा मोठाच प्रश्न असतो, गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलतात. समुद्राला कसलाही विटाळ नाही. कापड किंवा पॅड जास्तीचे घ्या, आणि रस्त्यात स्वच्छ संडास कुठे मिळतील ते आधीच विचारून ठेवा. बायका संडास टाळायला पाणीच पीत नाहीत. घाटात उलट्या आणि वर पाणी नाही, मग पहिला दिवस झोपून जातो.

पाण्यात उतरताना साडी नको. लाटेत भिजलेली साडी जड होते, पायांत गुंडाळते आणि बाई पडली की उठवत नाही. पंजाबी ड्रेस घाला. "आमच्यात चालत नाही" असे ज्यांच्या घरी आहे त्यांनी पिशवीत घालून न्या, दापोलीला चालते. ओहोटी सुरू असताना गुडघ्याच्या वर पाण्यात कोणीही जाऊ नका, पाणी आत ओढते.

तिथे कोणी आपले फोटो काढू लागला तर? एकट्या बाईला हे अवघड जाते, बावीस जणींना नाही. सगळ्यांनी मिळून त्याच्याकडे चालत जा आणि फोटो पुसायला लावा. कायद्यातही आधार आहे. बाई कपडे बदलत असताना, अंघोळ करताना, कोणी बघणार नाही अशा समजुतीने असताना तिला न्याहाळणे किंवा तिचा फोटो काढणे हा २०१३ पासून गुन्हा आहे. तेव्हा ते भारतीय दंड संहितेचे कलम ३५४ क होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ७७ आहे. पहिल्या गुन्ह्याला किमान एक वर्ष शिक्षा. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी आपल्याला आयुष्यभर उपयोगी पडेल: अशा फोटोला बाईने स्वतः संमती दिली असेल पण तो पसरवायला दिली नसेल, तरी पसरवणे हा गुन्हाच. उघड्या किनाऱ्यावर हे कलम लागेलच असे नाही, पण बाईच्या शीलाचा अपमान करणाऱ्या वागण्याचे दुसरे कलम आहे. ११२ नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

मोबाईलचा विषय निघालाच आहे. बावीस जणींत बरा कॅमेरा असलेले फोन सात, आणि त्यांतले चार नवऱ्याचे किंवा मुलाचे. नवा कॅमेरा विकत घेऊ नका. तिघी-तिघींचा गट करा, एका गटाला एक फोन, दिवसातून प्रत्येकीच्या हातात ठरलेला वेळ. जिचा फोन आहे तीच सारखी काढत राहते आणि बाकीच्या पोझ देतात, असे पहिल्या तासातच होऊ लागेल. ते मोडा. फोन पारदर्शक पिशवीत ठेवा. खारे पाणी उडाले तर लगेच मऊ सुती कापडाने पुसा, पदराने नको, पदराला वाळू असते आणि काचेवर ओरखडे पडतात.

उजेडाचे थोडे सांगते. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगरामागून येतो, समुद्रावर आणि होड्यांवर मऊ उजेड पडतो. माणसांचे चेहरे तेव्हा काढा. दुपारी बारा ते तीन वाळूवर काढूच नका, सुरूच्या बनात सावलीला जा. संध्याकाळी सूर्य समोर असतो, माणसे काळ्या आकृतीसारखी येतात. तसे हवे असतील तर झकास.

पण नको असताना चेहरा काळा आला तर? याचे कारण समजून घ्या, कारण यावरून बायका स्वतःला दोष देतात. "मी काळी, माझा फोटोच बरा येत नाही." कॅमेरा समोरचा उजेड मोजतो. वाळू आणि पाणी चकचकीत असले की त्याला वाटते उजेड फार झाला, तो उजेड कमी घेतो आणि आपला चेहरा बुडतो. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, बाजूला सूर्याचे चिन्ह येते, ते वर सरकवा. चेहरा उजळेल, मागचा समुद्र थोडा पांढरा होईल. होऊ द्या. फिल्मच्या काळात हेही हातात नव्हते. कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईच्या फोटोचे कार्ड पुरवत असे, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट आली म्हणजे छपाई बरोबर. आपल्यासारख्यांची कातडी त्या हिशेबात धरलेलीच नव्हती. आपले लग्नातले फोटो मुळातच दुसऱ्या कोणाच्या रंगाला बेतलेले होते.

शेवटचे ठिकाण हर्णै, आणि तिथे मला थोडी काळजी वाटते. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बोली सुरू होते, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. तिथे आलेला प्रत्येक जण फोटो काढतो. मासळी घेणाऱ्या-विकणाऱ्यांत कोळणी पुढे असतात. अंगावर सोने, हातात सुरमई, रंगीत लुगडे. आपल्यालाही तोच फोटो काढावासा वाटेल. पण ती बाई तेव्हा कामावर असते. बर्फ वितळतो आहे, भाव पडतो आहे, मासळी तासाभरात खपली नाही तर नुकसान तिचे. आपण खुरपत असताना पुणे-सोलापूर रस्त्यावर गाडी थांबवून कोणी बांधावर उभे राहिले आणि "ताई, जरा इकडे बघा" म्हणाले तर कसे वाटते? पालखीत उलटे चालणारे चार जण आठवा. तिथे आपण तसे दिसू.

मग काय करायचे? पहिल्या अर्ध्या तासात फोन काढूच नका. बघा. बोली कशी चालते, कोण ओरडते, पैसे कोणाच्या हातात जातात, ते बघा. नंतर मासळी विकत घ्या, भाव करा, बोला. आपण कांदा विकतो, व्यापारी कसा फसवतो हे तिला सांगा, तिचे ती सांगेल. मग विचारा. नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर काढलेला फोटो तिला लगेच दाखवा, नाव विचारा, नाव छापलेले चालेल का तेही विचारा. आणि तिला म्हणा, "आता तुम्ही आमचा काढा." फोन तिच्या हातात द्या. हात ओले असतील, खवले लागतील, पुसता येतात. मला तर सगळ्या सहलीत हेच फोटो बघायचे आहेत, कोळणीने काढलेले वरवंडच्या बायकांचे.

परत आल्यावर फोटोंचे काय? ते कोणाच्या स्टेटसवर जाणार नाहीत, असे आधी ठरवा. एकीचा पाण्यात हसतानाचा फोटो भावकीत फिरला की पुढच्या वर्षी तिचे नाव यादीत नसेल. फोटोत जी जी आहे तिने हो म्हटल्यावरच तो बाहेर. वीस-पंचवीस फोटो छापून घेऊ, खाली काढणारीचे नाव, आपले आणि बापाचे किंवा नवऱ्याचे यांतले काय लावायचे ते जिचे तिने ठरवावे, आणि गावात दोन दिवस मांडू. हर्णैच्या बाईला तिच्या फोटोची प्रत टपालाने जाईल, त्यासाठी पत्ता लिहून आणायला विसरू नका.

वही मागे सतरंजीवर ठेवली आहे. गुरुवारपर्यंत नाव घाला. दर आठवड्याला पन्नास रुपये, ज्यांचे व्याजातून भरायचे ठरेल त्यांची वेगळी यादी करायची नाही, सगळी नावे एकाच यादीत. ज्यांना गाडी लागते त्यांनी नावापुढे तसे लिहा, पुढच्या जागा त्यांच्यासाठी ठेवू.